शिपाई धरा, महाराज सोडा

कार्ड आलं तेव्हा मी रमण्याच्या बांधावर कारभारी केशवरावांसोबत उभा होतो. पोस्टमन उत्तमराव एरवी रस्त्यावरूनच ओरडतो, "जानराव, सासरवाडीची खबर हाये, लाडू खाऊ घाल!" त्या दिवशी त्याने सायकल बाभळीला टेकवली आणि पायी आला. कार्ड माझ्या हातात दिलं आणि गवताकडे पाहत उभा राहिला.

कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. असं कार्ड कशाचं असतं हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. ते घरात नेत नाहीत. बाहेरच वाचतात आणि फाडून टाकतात. मी बाहेरच होतो.

अक्षर माझ्या साळ्याचं होतं, भगवंतचं, मोर्शीहून. सत्यभामा शनिवारी पहाटे गेली, अग्नी मी दिला, दहाव्याला यावे. कार्ड मला बुधवारी मिळालं. म्हणजे चार दिवस माझी बायको जगात नव्हती आणि मला ठाऊक नव्हतं. त्या चार दिवसांत मी जेवलो होतो, झोपलो होतो, तिच्या वांग्यांना एक दिवसाआड पाणी दिलं होतं, तिने सांगून ठेवलं होतं तसं.

केशवरावांनी कार्डाकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"सत्यभामा का?"

मी मान हलवली.

"अरे रे. कव्हा?"

"शनिवारी."

"बस, जानराव. खाली बस."

मी बसलो नाही. उत्तमराव "पानी आनतो" म्हणून माझ्या झोपडीकडे गेला. केशवराव वाईट माणूस नव्हते. पण ज्या कामासाठी आले होते ते काम तसंच उभं होतं, आणि मी आता पंधरा दिवस मोर्शीला जाणार हेही त्यांना कळत होतं. शेवटी म्हणाले, "आज बोलू नये, मले समजते. पन मालकाले सांजेपर्यंत जबाब द्या लागते. तू नुसतं एक सांगून जाय. भोवत्यायचं काय करायचं?"

ते काम काय होतं ते आधी सांगतो.

रमणा म्हणजे राखलेलं गवत. आमचा रमणा अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, चारशे एकर. जमीन मुरमाड, तिथे पीक होत नाही. चारी बाजूंनी मात्र काळी जमीन, ज्वारी आणि कपाशी. रमणा अमृतराव देशमुखांचा. मी त्यांचा रखवालदार. कोणी चोरून गवत कापू नये, गुरं सोडू नयेत, विस्तव लावू नये, एवढं पाहायचं. कार्तिकात गवत कापतात, पण मधला पट्टा नाताळपर्यंत उभा ठेवतात. तो तितरांसाठी. नाताळात देशमुख गोऱ्या साहेब लोकांना शिकारीला बोलावतात. हाकेवाले एका बाजूने डबे वाजवत येतात, तितर आणि लावे गवतातून उठून दुसऱ्या बाजूला जातात, तिकडे साहेब लोक बंदुका घेऊन उभे असतात. देशमुखांच्या घरात याला लग्नाइतकं महत्त्व होतं. त्यांना सरकारकडून रावसाहेबकीची पदवी हवी होती आणि ती तितरांच्या वाटेने येईल असं त्यांना वाटत होतं.

त्याच पट्ट्यात भोवते उतरतात. भोवत्या हा शिकारी पक्षी. घारीपेक्षा बारीक, पंख लांब, शेपटी लांब. दिवसभर गवतावरून, शेतांवरून हातभर उंचीने भोवती भोवती फिरतो म्हणून भोवत्या. दसऱ्याच्या आसपास कुठून तरी येतात आणि होळीला निघून जातात. झाडावर बसत नाहीत. दिवस मावळला की दूरदूरचे सगळे आमच्या रमण्यात येतात आणि गवतात जमिनीवर झोपतात. प्रत्येकाची जागा ठरलेली, गवत दाबून केलेली, परातीएवढी.

कार्ड आलं त्याच्या आदल्या नाताळात घोटाळा झाला. हाका सुरू झाला आणि भोवते पट्ट्यावर फिरू लागले. वर भोवत्या असला की तितर उठत नाही. जमिनीला चिकटून राहतो, पायाखाली आला तरी. साहेब लोक दोन तास उभे राहिले. नऊ तितर पडले. एक साहेब हसत काहीतरी बोलला, त्याचा अर्थ देशमुखांना कोणी सांगितला नाही, पण हसणं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून ते केशवरावांना म्हणत होते, पुढच्या नाताळाआधी भोवते संपले पाहिजेत. मी केशवरावांना आज, उद्या करत टाळत होतो. भोवते मला नकोसे नव्हते. आणि सत्यभामेला तर ते हवेच होते.

दिवेलागणीच्या आधी ती वांग्याच्या वाफ्याजवळ उभी राहून ते उतरताना मोजायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी तिचं दुसरं काही अडत नव्हतं. मला म्हणायची, "आज सव्वीस. काल अठ्ठावीस व्हते. दोन कुठं ऱ्हायले वो?" मी म्हणायचो, "पाहुणे गेले असतीन अकोटाले." ती हसायची नाही. दोघं परत आले की दुसऱ्या दिवशी सांगायची.

आमच्या गावात भोवत्यांच्या दोन जाती मानत. एक पांढरा, पंखाच्या टोकाला काळा. दुसरा मातकट, शेपटीवर पट्टे. पांढऱ्याला महाराज म्हणत, मातकटाला शिपाई. महाराज फक्त टोळ आणि उंदीर खातो, तो शेतकऱ्याचा. शिपाई कोंबडीची पिल्लं आणि तितर उचलतो, तो चोर. असं माझा बाप सांगत होता, त्याचा बाप सांगत होता. शिपायाला खाकी घातलेली म्हणून तो हरामखोर, यावर गावात लोक हसत. मीही हसत होतो. पोलीस पाटील समोर असला की जरा जास्त.

तर त्या बुधवारी केशवरावांनी विचारलं तेव्हा माझ्या हातात कार्ड होतं. मी फार विचार केला असं नाही. मला वाटलं, सगळेच जाणार असतील तर निदान अर्धे ठेवून घ्यावेत. तिच्यासाठी ठेवावेत असंही वाटलं असेल. मी म्हणालो, "शिपाई धरा. महाराज सोडा."

"आन् तितर उठतीन?"

"तितर शिपायालेच भेतात. महाराज त्याईले काही करत नाही."

"नक्की?"

"अकरा सालं झाले पाहून राहिलो."

"मंग झालं." केशवरावांनी टोपी घातली. "हिरामण पारध्याले बलावतो. तू जाय मोर्शीले. इकडची फिकीर करू नको."

उत्तमराव पाणी घेऊन आला. मी प्यालो. मग कार्ड फाडलं.

मोर्शीला पोचायला दीड दिवस लागला. अकोटहून मोटार, पुढे अमरावतीहून दुसरी मोटार, ती वाटेत बिघडली. सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. सासरे नाहीत, बाग भगवंत पाहतो. सत्यभामेला पोटाचा आजार होता. भाद्रपदात ती म्हणाली, माहेरी जाते, तिथून अमरावतीचा दवाखाना जवळ पडतो. मी तिला पोचवून परत आलो होतो, कारण गवत कापायचे दिवस जवळ आले होते. दिवाळीला येईन म्हणालो होतो. दिवाळीत कापणीवाले आले आणि मी गेलो नाही.

माझी सासू पार्वताबाई ओसरीवर बसली होती. मला पाहून उठली नाही.

"पाखरं राखली ना नीट?"

"आई—"

"नाई, मी इचारून राहिली. बायकोले माहेरी टाकलं आन् पाखरं राखत बसले जवाईबुवा. राखली ना?"

भगवंत म्हणाला, "जाऊ दे ना माय. आज कायले?"

"आज नाई त कव्हा? तेरा दिस झाले का निंगून जातीन थे."

मी खाली मान घालून बसलो. तिचं खोटं नव्हतं.

दहावं झालं. तेराव्याच्या आदल्या दिवशी सासू आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली. हातात सुपारीचा अडकित्ता होता, सुपारी नव्हती.

"तुमचं कार्ड आलं व्हतं," ती म्हणाली. "दसऱ्याच्या बादचं."

मी दसऱ्यानंतर एक कार्ड टाकलं होतं. भोवते उतरले. बारा महाराज, एकोणीस शिपाई. वांगी बरी आहेत. तब्येतीला जपणे. एवढंच लिहिलं होतं. मला पत्रात काय लिहावं ते सुचत नाही.

"उशाखाली ठेवलं व्हतं तिनं. भगवंताच्या पोरीकून तीन डाव वाचून घेतलं. म्हने, एकतीस. सारे आले औंदा." सासूने अडकित्ता उघडला आणि मिटला. "मले काय समजते त्याच्यातलं? पन लेक खूश झाली व्हती. म्हनून सांगून राहिली."

एकोणीस शिपाई मी बुधवारी देऊन आलो आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

मोर्शीला तार ऑफिस होतं. बाजाराच्या वाटेवरच. अकोटला केशवरावांच्या नावाने तार केली असती, थांबा, मी येतो, तर हिरामण थांबला असता. तिथे होतो तेवढ्या दिवसांत मी त्या ऑफिसवरून चार वेळा गेलो. एकदा पायरीवर टेकलोही. मग मनात आलं, महाराज तर ठेवले आहेत ना आपण. आणि उठून घरी आलो. तेव्हा मला फार थकवा होता. हे कारण म्हणून सांगत नाही. होता एवढंच.

परत आलो तेव्हा गवताचा बाकीचा भाग कापून झाला होता. रस्त्याच्या बाभळीला शिपाई उलटे टांगलेले होते, पाय सुतळीने बांधून. सतरा. केशवरावांनी ते मालकाला दाखवायला ठेवले होते. वाऱ्याने पंख उघडत होते आणि मिटत होते.

हिरामण रमण्याच्या कडेला पाल लावून बसला होता. तो फासेपारधी, घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे करतो. भोवत्या रोज त्याच दाबलेल्या जागेवर उतरतो हे त्याला माहीत होतं. दिवसा ते उडून गेले की तो प्रत्येक जागेवर फासे मांडायचा. संध्याकाळी भोवत्या उतरला की पाय अडकायचा. पांढरा अडकला तर हिरामण फास सोडवून त्याला उडवून देत होता. सांगितलं होतं तसंच केलं होतं त्याने. पारध्याचं काम चोख असतं.

"या, जानरावभाऊ," तो म्हणाला. "वाईट झालं. वहिनी मले भाकर-पिठलं देत जाय. कव्हा मोजून नाई देलं."

मी त्याच्याजवळ बसलो. दिवस मावळत होता. मी पट्ट्याकडे पाहत होतो. महाराज आले. एक, दोन, पाच, नऊ. पट्ट्यावर फिरले. खाली आले, पुन्हा वर गेले. अंधुक होईपर्यंत फिरत राहिले. त्यातले तीन उतरले, बाकीचे डोंगराच्या बाजूला निघून गेले.

"हे खाली काहून नाही उतरून राहिले?" मी विचारलं. "त्याईले तर तू सोडून देतो."

हिरामण हसला. मग माझं तोंड पाहून थांबला.

"खरंच इचारता का?"

"खरंच."

"अहो, थ्या बायका व्हत्या त्याईच्या."

"कोणाच्या?"

"महाराजायच्या. तुमी शिपाई म्हन्ता ना, थ्या माद्या. आन् त्याच्यात काई औंदाची पिलं. जात एकच हाये, भाऊ. नर पांढरा, मादी मातकट. मोर-लांडोर नाई का? तसंच."

मी म्हणालो, "काहीतरी बोलू नको."

तो उठला. त्या दिवशी सकाळी धरलेला एक शिपाई पालाच्या दोरीला लटकत होता, तो त्याने आणला. चाकूने पोट उघडलं. आतडी बाजूला सारली आणि पाठीच्या कण्याजवळ बोट ठेवलं. तिथे बारीक दाण्यांचा घोस होता, मोहरीएवढे दाणे.

"हे अंडे. आता एवढालेच असतात. उन्हायात मोठे व्हतात, तिकडं, जिकडं जातात तिकडं."

मी ते पाहत राहिलो. भोवते आमच्याकडे अंडी घालत नाहीत. होळीला जातात. म्हणून त्यांचा संसार आमच्या गावात कोणी पाहिलेला नव्हता. नर-मादी कोण, पिल्लं कोणाची, हे कळायला मार्ग नव्हता, आणि दोन रंग पाहून आम्ही दोन जाती केल्या होत्या. एकीला हात जोडत होतो आणि एकीला शिव्या देत होतो.

"मग तू बोलला काहून नाही?"

"मले कोनं इचारलं?" हिरामणला राग आला नाही, नवल वाटलं. "कारभारी म्हने, शिपाई धर, महाराज सोड, जानरावनं सांगतलं हाये. मी म्हटलं, रखवालदार हाये, रोज पायते, त्याले ठाऊक असन. मादी काढली का जात खपली. मले वाटलं, मानूस मुळाले हात घालून राहिला. भल्ला हुशार." त्याने चाकू गवताला पुसला. "तुमाले माहीत नव्हतं?"

"नाही."

"मंग लय वाईट झालं," तो म्हणाला, आणि विस्तव पेटवायला लागला.

नाताळाची शिकार चांगली झाली. पट्ट्यावर एकही भोवत्या नव्हता. तितर उठले, लावे उठले. बंदुका वाजत होत्या आणि मी हाकेवाल्यांच्या मागे चालत होतो. किती पडले ते मी मोजलं नाही, लोक सत्तर म्हणत होते. आदल्या वर्षी हसलेला साहेब या वेळी देशमुखांशी हात मिळवून गेला. संध्याकाळी देशमुखांनी सगळ्यांसमोर मला पुढे बोलावलं.

"याले अक्कल हाये," ते म्हणाले. "दुसरा असता त सारे मारा म्हनला असता. यानं बरोबर चोर तेवढे काढले आन् देवाचे ठेवले. शिकलेल्यायले सुचत नाई हे."

लोकांनी मान डोलावली. मीही उभा राहिलो. पौषात देशमुखांनी आपल्या सोयऱ्यांना पत्रं घातली. दर्यापूरकडे एकाचा रमणा आहे, कारंज्याकडे दोघांचे. तिथेही तसंच सांगितलं गेलं, शिपाई धरा, महाराज सोडा. हिरामणच्या भाऊबंदांना तिकडे काम मिळालं. लोक त्याला जानरावची रीत म्हणू लागले.

माघात मी केशवरावांकडे गेलो. बैठकीत ते एकटे होते. मी हिरामणने दाखवलेलं सगळं सांगितलं. आधी ते हसू लागले.

"म्हंजे महाराज आन् शिपायीन? वा रे वा!" मग हसू थांबलं. त्यांना बुद्धी होती. "दुसऱ्या कोनाले सांगतलं का?"

"नाही."

"मालकाले सांगू नको."

"सांगितलं तर ते थांबवतीन ना?"

"कायले थांबवन? जानराव, तू भोळा हाये. थो म्हनन, वाहवा, मंग त अजूनच बरं, दोन सालात मुळातून कटकट मिटली. तुले फेटा बांधन. तू सांगतलं का उद्या चार रमन्यायचे चाळीस रमने व्हतीन." ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जे झालं थे झालं. घरी जाय. जेवत जाय जरा."

मी घरी आलो. त्यांचं बरोबर होतं. खरं सांगून काही थांबणार नव्हतं. थांबवायला दुसरं काहीतरी सांगावं लागणार होतं.

त्याच महिन्यात ज्वारी कापून शेतात पडली होती तेव्हा उंदीर झाले. दर वर्षी थोडे असतात. त्या वर्षी रमण्याच्या कडेच्या सगळ्या शेतांत कणसं कुरतडलेली होती. एवढं भोवते नसल्यामुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण मला तसंच वाटतं. गावचे लोक म्हणाले, महाराज रुसले. पाच-सहा जणांनी मिळून रमण्याच्या बांधावर नारळ फोडला. मला तिथे राहवलं नाही. मी म्हणालो, "महाराज रुसले नाहीत. त्याईच्या बायका मारल्या आपण. शिपाई म्हणजे त्याईच्या बायका."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. रामराव काळे, ज्यांची ज्वारी सगळ्यात जास्त गेली होती, ते म्हणाले, "जानराव, तुह्यं दुःख आमाले समजते बाप्पा."

"दुःखाचं नाही म्हणत. हिरामणनं पोट फाडून दाखवलं."

"पारधी काईबी दाखवन. महाराजाले बायको असते व्हय? मंग महाराज कायचा?"

लोक हसले. मनकर्णा म्हणून एक म्हातारी आहे, तिची दोन एकर ज्वारी रमण्याला लागून. ती हसली नाही. नारळाचा तुकडा तोंडात होता, तो गिळून म्हणाली, "असन बी. कोंबडा अलग दिसते, कोंबडी अलग दिसते. आपुन काय कोंबडीले पोलीस म्हनून मारतो?"

"तू चाल मग माझ्यासंगं देशमुखाकडं," मी म्हणालो.

"मी? मले उभं करन का थो दारात? तुह्या तोंडून निंगालं, तूच जाय."

ते खरं होतं. माझ्या तोंडून निघालं होतं.

होळीला जे होते ते भोवते गेले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. सत्यभामेचं वर्षश्राद्ध केलं. सासू आली होती. या वेळी पाखरांचं काही बोलली नाही, आणि ते जास्त जड गेलं. वांगी मी या वर्षी लावली नाहीत. वाफ्यात गवत झालं आहे.

यंदा दसऱ्यानंतर आठ दिवस वाट पाहिली. मग ते आले. सात पांढरे, चार मातकट. अकरा. मी रोज मोजतो. अकराच आहेत. चारपैकी दोन यंदाची पिल्लं असावीत, त्यांच्या अंगाचा रंग जरा तांबूस आहे. हे मला आता पाहून कळतं.

केशवरावांचा निरोप आला, हिरामण सोमवारी येतो आहे, त्याला जागा दाखवावी. मी हिरामणकडेच गेलो. त्याचं पाल सध्या पोपटखेडच्या बाजूला आहे.

"औंदा नको," मी म्हणालो.

"मले काय," तो म्हणाला. "तुमी नाई म्हना, मी वापस. मी लावे धरीन बाजारासाठी. पन मी नाई म्हनू शकत नाई, भाऊ. मी पारधी. मी नाई म्हटलं त उद्या चोरीत नाव घालतीन माह्यं. तुमी म्हना."

तो खोटं बोलत नव्हता. मी केशवरावांना विचारलं, मी माझ्या रमण्यात फासे नको म्हटलं तर काय होईल. ते म्हणाले, "तुह्या रमन्यात? रमना कोनाचा हाये, जानराव? मालक म्हनन, ज्याले जमत नाई त्यानं झोपडी खाली करावी. दुसरा रखवालदार येईन, थो फासे मांडून घेईन. मंग तुही झोपडी बी गेली आन् पाखरं बी गेले."

"आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, की माझं चुकलं होतं? तितर महाराजाच्या भ्यानं पण उठत नाहीत, शिपायाचा दोष नव्हता, उंदीर झाले ते यामुळे, असं?"

"तुह्यं चुकलं असं तू म्हटलं, त एखादवेळेस." त्यांनी विचार केला. "सोयऱ्यायले पत्र घातलं हाये मालकानं. तुह्या नावानं. तू सोताच खोटं म्हटलं त त्याले लाज वाटन. लाजेनं थांबन बी. नाई त चिडन बी. मी काय सांगू?"

परवा मी गेलो. देशमुख झोपाळ्यावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "ये जानराव. बस. किती उतरले औंदा?"

"अकरा."

"शिपाई किती?"

"चार."

"बस, चारच? पाय, तुह्या रीतीनं काम केलं." मग त्यांनी झोपाळा थांबवला. आवाज बदलला. "घरची आठवन येते का रे? मले मालूम हाये, त्या दिवशी कार्ड हातात असून तू कामाचं सांगून गेला. केशवनं सांगतलं. असा मानूस मले दुसरा नाई भेटला."

मी तिथे उभा होतो. मी सांगायला आलो होतो की त्या दिवशी मी काय बोललो ते मला कळत नव्हतं. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर माया होती. मी म्हणालो, "येतो मालक." आणि निघालो. दारापर्यंत जाऊन परत वळलो, तेव्हा ते आतल्या कोणाशी तरी बोलू लागले होते. मग मी आलो.

आज शुक्रवार आहे. संध्याकाळी अकरा उतरले. हिरामण सोमवारी फासे घेऊन येईल. दर्यापूरच्या आणि कारंज्याच्या रमण्यांतही त्याच आठवड्यात फासे लागतील. मी कार्डाच्या दिवशी सांगितलेलं चूक होतं, असं देशमुखांच्या तोंडावर म्हणायचं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.